'कॉग्निटिव्ह फंक्शन'ला मराठीत काय म्हणावं?

सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे त्वचा आणि आतले अवयव कडक होत जाणारा आजार, असलेल्या रुग्णांसाठी एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. 'स्क्लेरोसिस'ला 'काठिण्य' घेतलं, धमनीकाठिण्य रुळलेलंच आहे. 'कॉग्निटिव्ह फंक्शन'पाशी, म्हणजे लक्ष, स्मरण, विचार या मेंदूच्या कामांपाशी, अडले. आधी 'बौद्धिक क्षमता' लिहिलं होतं. माझ्या बहिणीला हाच आजार आहे. तिने वाचून विचारलं, "म्हणजे माझी बुद्धी कमी झाली का गं?" शब्द तिथल्या तिथे खोडला. 'संज्ञानात्मक कार्य' कसं वाटतं?

—

नको. संज्ञा हरपली म्हणजे शुद्ध गेली, असा अर्थ आपल्याकडे आहे. वाचणारा घाबरेल. 'आकलन'ही तोकडं पडतं, त्यात फक्त समजणं येतं. लक्ष लागणं, आठवणं, कामाची आखणी, शब्द सुचणं, हे सगळं कुठे जाईल? सरळ फोड करून लिहा.

—

मला हा आजार नऊ वर्षं आहे. 'विसराळू' तेवढं लिहू नका, कळकळीने सांगते. परवा हातात एक झाकण घेऊन उभी होते, बोटं गारठून पांढरी पडलेली, आणि झाकण कशाचं ते काही केल्या आठवेना. तासाभराने आपोआप आठवलं. विसरले असते तर आठवलं नसतं ना? घरी मी 'आज सुचत नाहीये' एवढंच म्हणते, सगळ्यांना कळतं.

—

'सुचणं' उत्तम. आता त्याच्यापुढे लावायचं क्रियापद. 'वाढवणे' लिहिलंत तर लोक स्मरणशक्तीची गोळी शोधतील. या आजारात थकवा, वेदना, मोडलेली झोप, नैराश्य, काही औषधं यांनीही डोकं जड होतं. फुप्फुसं आखडली असतील तर प्राणवायू कमी पडतो. आधी हे बघायचं असतं, म्हणून 'सावरणे' बरं. 'पेसिंग'ला, म्हणजे थोडं काम, थोडी विश्रांती याला, 'दमानं घेणे' आहेच.

आणखी एक. लक्ष, स्मरण वगैरे बघणाऱ्या ३० गुणांच्या मॉन्ट्रिअल चाचणीला 'बुद्धिमापन' म्हणू नका, ती चाळणी चाचणी आहे, पुढे नीट तपासायला हवं का एवढंच सांगते. तिच्यात घड्याळाचं चित्र काढायचं असतं. बोटं आखडलेली असली की रेघ वाकडी येते, तो दोष डोक्याचा नव्हे. पत्रकात हे असायलाच हवं.

—

आता असं केलं आहे: 'लक्ष, स्मरण आणि सुचणं सावरण्यासाठी'. बहिणीला वाचून दाखवलं. म्हणाली, "थकव्याचं आधी लिही, मग बाकीचं." परिच्छेद वर घेतला.