एमजीबीची तारांची चाके: नॉक-ऑफ नट ढिला का होतो?

प्रश्न: मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. माझ्या १९६७ च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या एका चाकाचा नॉक-ऑफ नट (चाक जागेवर धरणारा, हातोड्याने ठोकून घट्ट करायचा मधला एकच मोठा नट) प्रवासात ढिला झालेला आढळला, तेव्हापासून मनात धास्ती आहे. नेमके काय तपासावे?

उत्तर: प्रथम आटे पाहा. डाव्या हबला (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) उजवे आणि उजव्या हबला डावे आटे असतात, त्यामुळे गाडी पुढे जाताना नट घट्टच होत राहतो. पण पूर्वी कोणी हबांची अदलाबदल केली असेल, तर तीच हालचाल नट सोडवते. खूण अशी: आपण नट सोडवताना, चाक पुढे फिरते त्याच दिशेने दोन्हीकडचे नट सुटले पाहिजेत.

उत्तर: आटे बरोबर असतील, तर हबवरील स्प्लाइनचे, म्हणजे चाकाला पकडून फिरवणाऱ्या खाचांचे, दाते तपासावेत. चाक जॅकवर उचलून, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून, ते पुढे-मागे हलवा. हब स्थिर राहून चाक हलले, तर दाते झिजले आहेत. झिजलेल्या हबवर नवे चाक कृपया चढवू नका, तेही लवकर खराब होते.

उत्तर: स्प्लाइन व शंकूच्या आकाराची बैठक पुसून पातळ ग्रीस लावा, चाक अधांतरी असतानाच तांब्याच्या हातोड्याने नट ठोका, आणि थोडे अंतर चालवल्यावर पुन्हा तपासा.