नाडी बोटानं बघायची की प्रोबनं?

राजारामपुरी_भूल:
परवा इथं एका तरुण डॉक्टरानं लिहिलं, ‘अरेस्टमध्ये, म्हणजे हृदय बंद पडल्यावर, मानेला बोटं लावून नाडी शोधणं ही अंधश्रद्धा आहे, सोनोग्राफीचा प्रोब लावा.’ खाली अंगठ्यांची रांग. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण ‘अंधश्रद्धा’ घशाखाली उतरत नाही.

प्रोब लावा म्हणणं सोपं. तो लागेपर्यंत रक्त फिरतं ठेवायला छाती कोण दाबतंय? २०१७ साली अमेरिकेत अरेस्टचे व्हिडिओ बघून वेळ मोजली. प्रोब न वापरता नाडी बघायला सरासरी १३ सेकंद, प्रोब वापरून २१. दाबणं थांबवायची मुभा १० सेकंदांची. दाबणं थांबलं की कोरोनरीतला, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला दाब बघता बघता तळाला जातो आणि पुन्हा दाबायला घेतलं की लगेच वर येत नाही, चढत चढत येतो. मधले सेकंद पेशंटच्या खात्यातून जातात, मशीनच्या नाही.

बाकी चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. जेलची बाटली रिकामी, सेटिंग पोटाचं, वायर ट्रॉलीत अडकलेली. मग सगळ्यांच्या माना स्क्रीनकडे. ‘हलतंय का?’ ‘हलल्यासारखं वाटतंय.’ वाटतंय! झडप फडफडली म्हणजे मेंदूला रक्त पोचलं काय?

नाईटड्यूटी:
सर, तो ‘तरुण डॉक्टर’ मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

२१ आणि १३ चा अभ्यास मीही वाचलाय. पेशंट २३ होते आणि बघत होते हृदय. मी हृदय बघा म्हणालोच नव्हतो. मी म्हणतोय प्रोब मानेवर ठेवा, कॅरोटिडवर, म्हणजे मानेतल्या धमनीवर. छाती दाबणं चालू असतानाच धमनी शोधून ठेवायची. मॉनिटरवर रिदम (हृदयाची लय) बघायला हात उचलले की त्याच क्षणी ठोका आहे की नाही ते दिसतं. दाबणाऱ्याच्या वाटेत कोणी येत नाही.

आता तुमच्या बोटांचं बघू. १९९६ साली जर्मनीत बायपासवरच्या, म्हणजे ऑपरेशनमध्ये हृदयाचं काम मशीनवर सोपवलेल्या पेशंटवर तपासणी झाली. तिथं नाडी खरंच आहे की नाही हे मशीनवरून पक्कं माहीत होतं. नाडी असलेल्यांत तपासणारे ४५ टक्के वेळा ‘नाही’ म्हणाले आणि नसलेल्यांत साधारण दहात एकदा ‘आहे’ म्हणाले. त्या दुसऱ्या पेशंटची छाती कोण दाबणार? आणि रात्री तीनला बोटं लावणाऱ्याची स्वतःचीच नाडी १४० असते, ती लागते हाताला. याला मी अंधश्रद्धाच म्हणणार.

राजारामपुरी_भूल:
ते तपासणारे बहुतेक प्रथमोपचारवाले होते. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाची बोटं वेगळी असतात.

नाईटड्यूटी:
असतीलच सर. फक्त रात्री तीनला कॅज्युअल्टीत ती नसतात. तिथं इंटर्न पोरगं असतं.

प्रोबवाला_एमडी:
दोघं खुशाल भांडा, पण मशीन कॅज्युअल्टीत आणणार कोण? तुम्हाला स्टेथोस्कोप आणल्यासारखं वाटतंय. गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा आहे: मशीनची नोंदणी, वापरणाऱ्या डॉक्टरचं नाव, नोंदणीच्या जागेबाहेर पोर्टेबल काढायचं नाही. नोंदणी नसेल तर कंपनी विकूही शकत नाही. मानेवर लावा नाहीतर टाचेवर, कायद्याला मशीन म्हणजे मशीन. माझ्या ओळखीच्या एकाचं मशीन एफ फॉर्ममधल्या (गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद) रिकाम्या रकान्यांवरून सील झालं. सही राहिली म्हणून गुन्हेगार! आणि आपलं कोल्हापूर तर सायलेंट ऑब्झर्व्हरचं गाव. प्रत्येक मशीनला डबा जोडून आमच्यावर पहारा बसवणारा जिल्हा हाच.

डॉ_ताराबाईपार्क:
पहारा उगीच बसला नाही. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयात हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. शाहू महाराजांचं नाव घेऊन मिरवणाऱ्या जिल्ह्यात. त्या पोरी काय पंचगंगेच्या पुरात वाहून गेल्या? मशीनवाल्यांनीच सांगितलं ना ‘पेढे की जिलेबी’?

प्रोबवाला_एमडी:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका मॅडम. गर्भलिंग सांगणारे फॉर्म सगळ्यात स्वच्छ भरत होते. अडकला कोण, तर ज्याला कारकुनी जमत नव्हती तो.

डॉ_ताराबाईपार्क:
हाच युक्तिवाद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली होती. मे २०१९ मध्ये कोर्टानं सांगितलं की रेकॉर्ड अपूर्ण ठेवणं ही निव्वळ कारकुनी चूक नाही, कारण गुन्हा पकडायचा दुसरा मार्गच नाही. मी स्वतः गायनॅक आहे, एफ फॉर्म मीच भरते, हात झडले नाहीत.

प्रोबवाला_एमडी:
तुमचं सेंटर नीट चालतंय म्हणून बोलताय. इन्स्पेक्शनला कोण येतं आणि कसं बोलतं ते आम्ही बघितलंय.

डॉ_ताराबाईपार्क:
माझ्याकडे सासू सुनेला घेऊन येते आणि दार लावून विचारते, ‘डॉक्टरीण बाई, एवढं सांगा की.’ आजही. ते तुम्ही बघितलंय? नसेल तर कायद्यावर रडू नका.

नाईटड्यूटी:
माफ करा, पण पेशंट अजून अरेस्टमध्येच आहे. एफ फॉर्म गरोदर बाईच्या तपासणीला लागतो, साठीच्या माणसाच्या मानेला नाही. राहिली नोंदणी. तिच्यासाठी एक फाइल लागते, ती करावी.

प्रोबवाला_एमडी:
करा की. मग कळंल.

शिवाजीपेठ_तालीम:
तुम्ही मोठी माणसं, मधे बोलतोय, रागवू नका. गेल्या वर्षी रंकाळ्यावर सकाळी फिरायला आलेले एक काका आमच्यासमोर पडले. एकानं मनगट धरलं, ‘नाडी हाय, हाय’ म्हणाला. दुसरा कांदा आणायला पळाला. आमच्या तालमीतला पोरगा छाती दाबायला बसला तर लोकांनी मागं ओढला, ‘बरगडी मोडंल’ म्हणून. १०८ आली तवर काका गेलेले. त्या पोराला अजून झोप लागत नाही. आमच्याकडं ना मशीन, ना तुमच्यासारखी बोटं. आम्ही काय बघायचं?

राजारामपुरी_भूल:
नाडी बघायचीच नाही. सामान्य माणसानं नाडी बघणं २००० सालच्या मार्गदर्शनातूनच काढून टाकलंय. हाक मारली, खांदे हलवले, उठत नाही आणि श्वास नीट नाही, किंवा आचके दिल्यासारखा आहे, की १०८ ला फोन आणि छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात. पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. आपल्या भूलतज्ज्ञांची संघटना २०१७ पासून हेच सांगतेय, फक्त दाबा. बरगडी मोडली तर जुळते. तुमच्या पोराला सांगा, तिथं बरोबर वागणारा तो एकटाच होता.

नाईटड्यूटी:
हे शंभर टक्के मान्य. आणि सर, ते नाडीचं का काढलं? बोटांना कळत नाही म्हणूनच ना?

राजारामपुरी_भूल:
सामान्य माणसाच्या बोटांना. शब्दात पकडायची हौस असेल तर वकिलीला जायचं होतंस. माझ्या लेखी नाडी कॅप्नोग्राफवर, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावर दिसते. श्वासनलिकेत नळी टाकलेली आहे, कार्बन डायऑक्साइडचा आकडा एकदम वर गेला, की रक्त फिरायला लागलं. हात उचलावे लागत नाहीत, जेल लागत नाही.

नाईटड्यूटी:
वा. आता कोल्हापुरातल्या किती कॅज्युअल्टीत कॅप्नोग्राफ आहे तेही सांगा. थिएटरमधून बाहेर या सर, बाहेर ऊन आहे.

राजारामपुरी_भूल:
जीभ सांभाळ. आणि तुझ्या त्या मशीनचा दुसरा उपयोग मला ठाऊक आहे. स्क्रीनवर हृदय हलत नाही म्हणून दहा मिनिटांत हात वर करायचे.

नाईटड्यूटी:
हा आरोप आहे. आकडा तरी पुरा घ्या. २०१६ च्या ७९३ पेशंटच्या अभ्यासात, शॉक न लागणाऱ्या (विजेच्या झटक्याचा उपयोग नसलेल्या) रिदममध्ये सुरुवातीला हृदय निश्चल असलेले ०.६ टक्के जिवंत घरी गेले, हलणारे ३.८. मी नातेवाइकांशी बोलताना हे मनात ठेवतो, एवढंच.

राजारामपुरी_भूल:
०.६ म्हणजे शून्य नव्हे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शनातही सोनोग्राफीवरून भवितव्य ठरवू नका असंच सुचवलंय.

कळंबा_सिस्टर:
सर, दोघांना नमस्कार. आम्ही ट्रॉलीच्या डाव्या बाजूला उभ्या असतो, आम्हाला कोणी विचारत नाही.

मी आधी जिथं होते तिथं एक अरेस्ट झाली. तीन डॉक्टर, एक मशीन. तिघं स्क्रीनवर. ब्रदर हात वर धरून उभा, कारण ‘थांब’ म्हणाले होते. कोणी ‘दाब’ म्हणेना. शेवटी मीच ओरडले. नंतर मेट्रननं मला बोलावून सांगितलं की डॉक्टरांवर आवाज चढवायचा नाही.

बोटांनीही तेच होतं. एक जण मान, दुसरा जांघ, तिसरा ‘मला लागतीय’ म्हणतो. जांघेत तर दाबताना शिरेतून उलटं ढकललेलं रक्तसुद्धा नाडीसारखं लागतं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगितलेलं. तुमचं बोट असो नाहीतर प्रोब, दहापर्यंत मोठ्यानं कोण मोजणार ते बोला.

नाईटड्यूटी:
सिस्टर बरोबर बोलल्या. माझ्याकडे टीमचा लीडर स्वतः प्रोब धरत नाही, हे मी आधीच लिहायला हवं होतं असं सर म्हणतील.

राजारामपुरी_भूल:
म्हणणारच. ठीक आहे, मानेवर चालेल. धमनी आधी शोधलेली, दाबणारा जागचा हललेला नाही आणि दहाला हात परत छातीवर. हृदय बघायचंच असेल तर सहा सेकंदांची क्लिप घे आणि दाबणं सुरू झाल्यावर बस बघत. ‘अंधश्रद्धा’ मात्र मागे घे.

नाईटड्यूटी:
‘जुनी सवय’ करतो. त्याखाली उतरत नाही.

प्रोबवाला_एमडी:
आणि नोंदणी?

डॉ_ताराबाईपार्क:
अर्ज मी भरून देते. तुम्ही सही तेवढी विसरू नका.

कळंबा_सिस्टर:
मोजायचं कुणी, ते राहिलंच. म्हणजे आम्हीच.