जंक्शन कुणाचं? त्या फॉरवर्डला उत्तर

खडूस_वाचक: 'जंक्शन म्हणजे इंग्रजांनी चोरलेला आपला योग' ही पोस्ट कालपासून तीन गटांत आली. आता लिहिणं भाग आहे. जंक्शन आला लॅटिन 'युंगेरे'वरून, अर्थ जोडणे. त्याचा आणि आपल्या संस्कृत 'युज्' (जोडणे) धातूचा आजा एकच. योग, युग, बैलाच्या मानेवरचं जू, इंग्रजीतला योक, ग्रीक झुगॉन, सगळी एकाच घरची. चुलतभावाचं नाक आपल्यासारखं दिसलं म्हणून त्याने ते चोरलं म्हणायचं? लॅटिन-संस्कृतचं नातं विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने कलकत्त्यात १७८६ सालीच मांडलं होतं.

मोरपंखी: तो आजा पाहिलाय कुणी? साहेब म्हणाला की संशोधन, आमची आजी म्हणाली की भाकडकथा!

खडूस_वाचक: आजींना नमस्कार. पण लॅटिनमध्ये 'युगुम', संस्कृतात 'युगम्', दोन्हींचा अर्थ जू. रोमन शेतकरी बैल जुंपत होते तेव्हा इंग्रजी भाषाच नव्हती. चोरी केली कुणी?

दौंडकर: लॅटिन राहू द्या. 'दोन गाड्या भेटतात ते जंक्शन' हे त्या पोस्टमधलं वाक्य आधी खोडा. किमान तीन दिशांना मार्ग फुटावे लागतात. आमच्या दौंडला पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. तेवढ्यात चहा, भजी, भांडण, सगळं उरकायचं.

मिरजेची_सून: दौंडचं कौतुक पुरे! मिरजेला एकेकाळी ब्रॉड, मीटर, नॅरो अशी तिन्ही गेज, म्हणजे रुळांच्या तीन रुंदी, होती. सासरे रेल्वेत होते. त्यांना तर पंगत आवडली तरी 'एकदम जंक्शन!'

मोरपंखी: बघा! हा अर्थ कुठल्या लॅटिनमध्ये सापडतो?

खडूस_वाचक: कुठल्याच नाही, तो आपला. जंक्शन म्हटलं की मोठं स्टेशन, गर्दी, खाणंपिणं, त्यावरून आला असावा. अंदाज आहे.

दौंडकर: म्हणजे अंदाज तुमचा असला की चालतो.

मोरपंखी: धन्यवाद दौंडकर! बरं, 'चोरी' मागे घेतली, विद्वानांना झोप लागो. पण घरात थोरली संस्कृतच.

खडूस_वाचक: थोरली ठरवून वाटणी मागायची आहे का? मूळ मुद्द्याला उत्तर द्या ना.

मिरजेची_सून: तिन्ही गेजबद्दल कुणीच बोललं नाही.

दौंडकर: आता मिरजेला एकच उरलंय, वहिनी.

मिरजेची_सून: आणि कॉर्ड लाइन, म्हणजे दौंड स्टेशनाबाहेरून दोन मार्ग थेट जोडणारा फाटा, झाल्यापासून किती गाड्या दौंडला न शिरताच पुढे जातात, तेही सांगा की भाऊजी!