घाबरलेल्या साक्षीदारासाठी कोर्टाकडे नेमकं काय मागावं?

साक्षसोबती
मारहाणीच्या खटल्यातला प्रौढ साक्षीदार. जबाब स्वच्छ आहे, पण आरोपी समोर असणार म्हटलं की श्वास अडकतो आणि वाक्य अर्ध्यावर तुटतं. साक्ष तीन आठवड्यांवर आली आहे. पडदा मागावा, व्हिडिओवरून साक्ष मागावी की दोन्ही? आणि तयारी कुठवर केली तर ती पढवणी ठरत नाही?

काळा_कोट
भीती नेमकी कशाची, हे आधी त्यांनाच विचारा. आरोपीच्या नजरेची असेल तर पडदा पुरतो. लोकांची असेल तर इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड साक्ष. कोर्टाच्या आवारात पाऊलच ठेववत नसेल तर व्हिडिओ. सगळं एकदम मागितलं की कशाचीच गरज पटत नाही.

अर्जात ‘साक्षीदार घाबरला आहे’ एवढ्यावर थांबू नका. काय होतं, कशाने होतं, त्यामुळे सांगण्यात काय बिघडतं आणि मागितलेल्या सोयीने ते कसं टळेल, हे लिहा. उपचार चालू असतील तर डॉक्टरांचं पत्र जोडा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली कॉय खटल्यात पडदा अमान्य केला, कारण साक्ष देणाऱ्या दोन मुलींना त्याची गरज आहे का, हे कोणी तपासलंच नव्हतं. १९९० साली क्रेग खटल्यात मात्र, गरज त्या-त्या साक्षीदारापुरती सिद्ध होत असेल तर बालसाक्षीदाराची साक्ष टीव्हीवरून घ्यायला त्याच न्यायालयाने मान्यता दिली. इंग्लंडच्या १९९९ च्या कायद्यात तर भीतीमुळे ज्याच्या साक्षीचा दर्जा घसरेल असा प्रौढही बसतो. तुमच्या कोर्टाला कोणती तरतूद लागू होते ते बघून अर्ज लगेच द्या. साक्षीच्या सकाळी मागितलं तर बहुधा पुढची तारीख पडते, आणि घाबरलेल्या माणसाला ती सगळ्यात महाग पडते.

तिसरी_खुर्ची
पडदा लावला की साक्षीदाराच्या जागी स्वतः बसून बघा. बाजूची फट, काचेचं दार, बंद टीव्हीची काळी काच, यांतून आरोपी दिसतोच. न्यायाधीश आणि दोन्ही वकिलांना साक्षीदार दिसला पाहिजे, आरोपीला शब्द न् शब्द ऐकू आला पाहिजे. नाहीतर बचाव पक्षाची हरकत रास्त ठरते.

खरा घोटाळा पडद्याबाहेर होतो. पुकाऱ्याआधी साक्षीदार आणि आरोपी एकाच बाकावर, एकाच लिफ्टमध्ये. वेगळी खोली आणि वेगळी वेळ आधीच ठरवा, सुट्टीत आधी कोण बाहेर पडणार हेसुद्धा.

व्हिडिओ असेल तर आदल्या दिवशी आवाज तपासा, कोर्टाकडचा कॅमेरा आरोपीकडे वळलेला नाही ना ते बघा, स्क्रीनवरचा स्वतःचा चेहरा बंद करा. दाखवायच्या कागदांच्या प्रती साक्षीदार बसणार तिकडे आधी पोचल्या नाहीत तर उलटतपासणी तिथेच अडते. सोबत बसणारी व्यक्ती त्याच खटल्यातली साक्षीदार नको, आणि तिने बोलायचं नाही, मानही हलवायची नाही.

साक्षसोबती
आभार. तयारीचं आणि प्रश्नांचं काय?

सरळ_प्रश्न
रिकामं कोर्ट दाखवणं, कोण कुठे बसतं ते सांगणं, स्वतःचा जबाब वाचायला देणं हे सर्वसाधारणपणे चालतं. उत्तरं घोकून घेणं ही पढवणी. वाचताना चूक सापडली तर ती सरकारी वकिलांना सांगायची, परस्पर सुधारायची नाही. ‘आठवत नाही’ आणि ‘प्रश्न कळला नाही’ ही पूर्ण उत्तरं आहेत, हे त्यांना स्पष्ट सांगा. पुष्कळजण ती देता येतात हे माहीत नसल्यामुळे अंदाज ठोकतात आणि उलटतपासणीत सापडतात.

सुट्टीची वेळ आधीच मागून ठेवा, अर्ध्या-पाऊण तासाने. शिवाय हात वर करणं किंवा कार्ड दाखवणं अशी खूण ठरवा. श्वास अडकल्यावर ‘थांबा’ हा शब्दही फुटत नाही. साक्ष अर्धवट असताना सुट्टीत खटल्याबद्दल चकार शब्द नको.

एका प्रश्नात एकच गोष्ट असावी, अशी विनंतीही अर्जात घाला. ‘तुम्ही त्या वेळी तिथे नव्हतात असं तर नाही ना?’ याला ‘नाही’ म्हटलं तर माणूस तिथे होता की नव्हता? शांत डोक्याचाही यात अडकेल. अशा वेळी सरकारी वकिलांनी तिथल्या तिथे उठून प्रश्न फोडून मागावा, कारण नोंदीत फक्त ‘नाही’ उरतं.