जवस, जवासा आणि धमासा

प्रश्न : आमच्या दारव्ह्याकडे रब्बीत जवस पेरतात. वैद्यांनी सासूबाईंच्या काढ्यात ‘जवासा’ लिहून दिला, तेव्हा तो जवसाचाच काही प्रकार असावा असे आम्ही धरून चाललो. काष्ठौषधीच्या दुकानात मात्र काटेरी काड्यांची पुडी मिळाली आणि तिच्यावर ‘धमासा’ असे लिहिलेले होते. या तीन शब्दांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : ताई, जवसाला यातून आधी बाजूला काढू. जवस म्हणजे अळशी, चटणीची आणि तेलाची. निळ्या फुलांचे हे रोप एका हंगामात संपते. जवासा हे संस्कृत ‘यवास’वरून आलेले नाव असून ते राजस्थानपासून इराण-अरबस्तानापर्यंतच्या कोरड्या मुलखातले, बहुधा कमरेच्या खालीच राहणारे बहुवर्षायू झुडूप आहे. कूळ आपल्या तुरीचे, फुलाची घडणही तुरीचीच. रंग तेवढा गुलाबी-किरमिजी. गंमत अशी की पानाच्या बगलेतून निघालेला लांब काटा ही मुळात फांदीच असते आणि फुले त्या काट्यावरच येतात. मुळे कित्येक मीटर खोल ओलाव्यापर्यंत जात असल्यामुळे भर उन्हाळ्यात, आपल्याकडे धुरे करपतात तेव्हा, हे झुडूप हिरवे असते, आणि पावसाळ्यात सगळीकडे हिरवे होते तेव्हा याची पाने झडतात. उंट ते काट्यांसकट खातो. इराणकडे त्याच्या फांद्यांवर गोड स्राव साखळतो. युनानी वैद्यकातले तुरंजबीन ते हेच.

दुसरे उत्तर : वरील माहितीला पुरवणी जोडतो. धमासा हे निराळे झुडूप असून ते सराट्याच्या कुळातले आहे. त्याचे काटे पानाच्या देठाशी असतात आणि जांभळट फुलाच्या पाच पाकळ्या एकमेकींपासून सुट्या राहतात. ‘धन्व’ म्हणजे मरुभूमी, म्हणून संस्कृतात ‘धन्वयास’. ‘दुरालभा’ आणि ‘दुःस्पर्शा’, म्हणजे हात लावायला अवघड, ही नावे मात्र दोन्ही झुडपांना लावली गेली आणि बाजारातली अदलाबदल तिथूनच आली असावी. म्हणून पुडी वैद्यांना दाखवल्याशिवाय वापरू नये. तिच्यात फळे असतील तर घरीही ओळख पटते : दाण्यादाण्यामध्ये आवळलेली शेंग असेल तर जवासा, पाच कंगोऱ्यांचे बारीक बोंड असेल तर धमासा.