सबवेत वाजवणं म्हणजे भीक का?

जर्सीकर:
काल इथे एकाने लिहिलं, न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत, व्हायोलिन वाजवणारे म्हणजे शिकलेले भिकारी. दर्जा असता तर सभागृहात असते. माझी मुलगी व्हायोला वाजवते, व्हायोलिनसारखंच पण थोडं मोठं वाद्य. गेल्या हिवाळ्याचं घरभाडं तिने स्टेशनात वाजवून भरलंय. न्यूयॉर्कच्याच नामवंत मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या वादकांना करोनात एप्रिल २०२० पासून जवळजवळ वर्षभर पगार नव्हता, त्यांचाही दर्जा गेला होता का? सबवेतल्या ठरलेल्या जागांसाठी परीक्षकांसमोर वाजवून दाखवावं लागतं. निवड झाली तरी पगार नाहीच, पुढ्यात पडेल ते.

स्पष्टवक्ता:
मीच लिहिलं ते. २००७ मध्ये जोशुआ बेल या जगप्रसिद्ध व्हायोलिनवादकाने वॉशिंग्टनच्या स्टेशनात ४३ मिनिटं वाजवलं. हजारावर माणसं गेली, थांबली ७. जमले ३२ डॉलर. लोकांना नको ते गळ्यात का मारायचं? राबून घरी निघालेल्याला शांतता हवी असते.

जर्सीकर:
ते सकाळी आठच्या सुमाराला. ऑफिस गाठताना मीही थांबले नसते. आणि शांतता कसली? प्लॅटफॉर्मवर ॲम्प्लिफायरला बंदी आहे. गाडीच्या खडखडाटापुढे एकटी व्हायोला काय कान किटवणार?

तिरकिट:
सबवेत निदान डॉलर तरी टाकतात. आपल्या इथल्या मराठी मंडळांचं बोला! गणपतीत साथीला बोलावलं, दोन तास गाडी हाकत गेलो. केटररला चेक, साउंडवाल्याला चेक, मला शाल-नारळ. मानधन विचारलं तर म्हणे, "तुम्ही घरचेच!"

माजी_खजिनदार:
उगाच आरोप नकोत. हॉलचं भाडं, विमा, सगळं भागवून बघा. तिकीट ५ डॉलरने वाढवलं तर लोकांनी मला फोनवर फाडून खाल्लं होतं.

तिरकिट:
मग मुंबईहून आणलेल्या गायकाला बिदागी कुठून देता? त्याच्या शेजारी बसणारा तबलजी इथला, म्हणून फुकट? तीस वर्षं हात घासलेत मी.

माजी_खजिनदार:
आमच्या पेटीवाल्यालाही त्या वर्षी काही दिलं नव्हतं. द्यायला हवं होतं, मान्य. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

स्पष्टवक्ता:
मूळ विषय राहिला बाजूला. 'भिकारी' शब्द मागे घेतो, मत नाही. तुमच्या मुलीबद्दल नव्हतं ते, ताई.

जर्सीकर:
तिच्याबद्दलच होतं. तिने वाचलंय.

तिरकिट:
आत्ताच नवरात्राचं बोलावणं आलं. आधी बिदागी सांगा म्हटलं, मग तारीख बघतो. अजून उत्तर नाही.