'द वॉल'मधली भिंत पडल्यावर पिंक बरा होतो का?

रात्रपाळी_ठाणे: बाबा गेल्यावर चार महिने मी घरात कुणाशी धड बोललो नाही. लोकलमध्ये हेडफोन, घरी आलो तरी हेडफोन. तेव्हा पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द वॉल' (१९७९) हा अल्बम हाती लागला. त्यातला नायक पिंक, एक रॉक गायक, स्वतःच्या मनाभोवती भिंत बांधत जातो. युद्धात गेलेला बाप, शाळेतला छळ, पदराआड ठेवणारी आई, मोडलेलं लग्न. वीट वीट चढत जाते. इथवर पटलं. पण त्याच्या मनातच त्याच्यावर खटला झाला, भिंत कोसळली, की दोन मिनिटंही नसलेलं एक गाणं आणि खेळ खलास! पुढे काय?

जुनी_कॅसेट: शेवटाला कान लाव. वाक्य मध्येच तुटतं, त्याचा उरलेला तुकडा अल्बमच्या अगदी सुरुवातीला आहे. म्हणजे पुन्हा पहिली वीट. १९७७ मध्ये मॉन्ट्रियलच्या कार्यक्रमात बँडचा गीतकार रॉजर वॉटर्स एका प्रेक्षकावर थुंकला, त्या शरमेतून हे सुचलं. शरम अशी एका खटल्यात फिटते होय?

गिरगावची_मी: मला त्यातलं 'कम्फर्टेबली नम्ब' हे गाणं जास्त टोचतं. डॉक्टर सुई टोचून पिंकला स्टेजवर उभा करतो. बरं करणं नाही हे, हजेरी लावणं. आपण नाही का, तापात गोळी गिळून ८:१२ची फास्ट पकडतो! आणि न्यायाधीश भिंत पाडायला लावतो ती शिक्षा म्हणून, हे विसरू नकोस.

रात्रपाळी_ठाणे: काल शेवट परत ऐकला. आई भाजी निवडत होती, एक इयरफोन तिला दिला. म्हणाली, "हा एवढा हळू का बोलतोय रे?" मग मीही बसलो गवार मोडायला.